पाळी जाताना हार्मोनची गोळी घ्यावी का?

भगिनींनो, चाळिशी ओलांडली की पाळी मागेपुढे होऊ लागते आणि आपल्याकडे साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान ती कायमची जाते. सलग बारा महिने पाळी आली नाही, म्हणजे ती गेली असे धरावे. या काळात अनेकींच्या अंगातून एकाएकी वाफा निघतात, रात्री घामाने अंथरूण ओले होते, झोप मोडते, चिडचिड होते. लाजेपायी कोणी सांगत नाही असाही एक त्रास असतो. आतून कोरडेपणा येतो, लघवीला जळजळते, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते. "वयच झालं, चालायचंच" म्हणून आपण हे सारे अंगावर काढतो. पण त्यावर उपाय आहेत.

आपले बीजकोश इस्ट्रोजेन नावाचा हार्मोन तयार करतात. पाळी जाताना तो कमी होतो, म्हणून हे त्रास होतात. हाडेही ठिसूळ होऊ लागतात. तोच हार्मोन थोड्या प्रमाणात बाहेरून देणे, हा झाला हार्मोन उपचार.

यात एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जिची पिशवी जागेवर आहे, तिने एकटे इस्ट्रोजेन घेऊ नये. त्याने पिशवीचे अस्तर वाढते आणि पुढे कर्करोगाचा धोका संभवतो. म्हणून तिला सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते. पिशवी काढलेली असेल, तर बहुधा एकटे इस्ट्रोजेन पुरते. हे औषध गोळी, कातडीला लावायचे मलम किंवा चिकटपट्टी अशा रूपांत असते. कातडीवाटे घेतल्यास रक्ताची गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. नुसता कोरडेपणाचाच त्रास असेल, तर आत लावायचे मलम पुष्कळदा पुरेसे होते. आणि हो, हे औषध गर्भ राहू नये म्हणून नसते. पाळी पुरती जाईपर्यंत ती काळजी वेगळी घ्यावी.

"या गोळीने कर्करोग होतो" असे तुम्ही ऐकले असेल. ही भीती २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीनंतर पसरली. दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत, दर दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या सुमारे आठ जणी जास्त आढळल्या. मात्र त्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. पुढच्या अभ्यासांतून असे दिसले, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केला आणि प्रकृती ठीक असली, तर बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा अधिक होतो.

पण हे औषध सरसकट सर्वांसाठी नाही. स्तनाचा कर्करोग, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, हृदयविकार, अर्धांगवायू किंवा यकृताचा मोठा आजार झाला असेल, तर ते सहसा देत नाहीत. माती तपासल्यावाचून आपण खत टाकत नाही, तसेच हे. आधी रक्तदाब, साखर व स्तनांची तपासणी करून घ्यावी, घरात कोणाला कर्करोग झाला असल्यास डॉक्टरांना सांगावे. शेजारणीची गोळी मागून खाऊ नये. सुरू केल्यावरही दरवर्षी दाखवावे.

ज्यांची पिशवी लहान वयात काढली, त्यांनी तर हे जरूर वाचावे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायकांचा प्रश्न गाजला. सुमारे ८२ हजार जणींच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. शस्त्रक्रियेत दोन्ही बीजकोशही काढले असतील, तर तिशी-पस्तिशीतच शरीर म्हातारपणाकडे झुकते. हाडे व हृदय दोन्हींवर परिणाम होतो. अशा बाईला अडचण नसेल, तर नेहमीच्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन घेण्याचा सल्ला देतात. म्हणून शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा आणि बीजकोश ठेवले की काढले, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

हार्मोन चालत नसेल, तर वाफांवर दुसऱ्या गोळ्याही आहेत. नाचणी, तीळ, दूध, ताक आहारात असू द्या. तंबाखू व मिश्री सोडा.

शेवटी एक सांगणे. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, अगदी एक डाग जरी पडला, तरी "पाळी परत आली" असे समजून बसू नका. खुरपणी राहिली तरी चालेल, पण त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. आणि घरातल्या पुरुषांनो, हे पान तुम्हीही वाचा, म्हणजे तिला एकटीला जावे लागणार नाही.