काडी पहिलवान आणि अडीच किलो

परवा शुक्रवारी संध्याकाळी टीममधला नवा पोरगा माझ्या डेस्कपाशी येऊन उभा राहिला. चेहरा असा, की मला वाटलं प्रॉडक्शनवर काहीतरी फोडून आलाय. त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला तर स्क्रीनवर एक्सेल! अकरा ओळी, सात कॉलम. प्रत्येक ओळीत व्यायामाचं एक रुटीन आणि शेवटच्या कॉलममध्ये त्याला दिलेले मार्क.

"यातलं कुठलं करू? जिम लावून दोन महिने झाले, पण ठरतच नाहीये."

"मग दोन महिने काय केलंस?"

"ट्रेडमिल."

मी हसलो नाही. हसायचा हक्कच नाही मला. माझ्याकडेही अशीच एक फाईल होती, तिला तर पिव्होट टेबलसुद्धा होतं.

तर मंडळी, आधी माझी पात्रता सांगतो. उंची पाच फूट नऊ इंच, वजन ५३ किलो, कॉलेजातलं नाव 'काडी'. पहिली नोकरी लागल्यावर पहिल्या दोन पगारांतून वर्षाची फी भरून एक जिम लावली. तिथल्या ट्रेनरने छापील कार्ड हातात दिलं: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी बायसेप्स, शुक्रवारी ट्रायसेप्स, शनिवारी पाय. (शनिवारी जिममध्ये कुत्रं फिरकायचं नाही.) हे कार्ड मी इमानेइतबारे चौदा महिने पाळलं, म्हणजे फी संपल्यावर पुन्हा भरूनसुद्धा. पहिल्या दिवशी साडेसात किलोचं डंबेल उचलत होतो. चौदा महिन्यांनी? साडेसात किलो.

गंमत म्हणजे हे माझ्या लक्षातही आलं नाही. कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं ना! दिवसभर लॉग वाचून पोट भरणारा माणूस स्वतःच्या शरीराचा एक लॉग ठेवत नव्हता. घाम यायचा, दुसऱ्या दिवशी हात दुखायचे, म्हणजे काम चालू आहे असं धरून चाललो होतो.

म्हणून माझं मत आता अगदी साधं आहे. बारीक आणि नवशिक्या माणसाने रुटीन निवडताना एकच प्रश्न विचारावा: पुढच्या वेळी नेमकं किती वजन उचलायचं, हे या कागदावर लिहिलंय का? लिहिलं असेल तर घ्या. नसेल तर ते रुटीन नाही, मेनूकार्ड आहे.

या परीक्षेत पास होणारी रुटीन्स एकमेकांची भावंडंच निघतात. बिल स्टारने १९७६ साली अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंसाठी लिहिलेल्या पुस्तकात पाच-पाचचे पाच सेट आहेत. मार्क रिपेटोच्या २००५ सालच्या 'स्टार्टिंग स्ट्रेंथ'मध्ये बहुतेक व्यायामांना पाच-पाचचे तीन. सांगाडा तोच. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सुट्टी. एका दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रो; पुढच्या वेळी स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस आणि डेडलिफ्ट. मग पुन्हा पहिलं. सगळे सेट नीट झाले की पुढच्या वेळी अडीच किलो वाढवायचे. संपलं! बायसेप्सला वेगळा दिवस नाही, कारण दाखवण्यासारखं बायसेप अजून जन्माला यायचं आहे.

नवशिक्याला हे लागू पडतं त्याचं कारण असं, की त्याचं शरीर लवकर सावरतं. सोमवारच्या व्यायामाचा स्नायूवरचा परिणाम बुधवारपर्यंत बराचसा ओसरतो, म्हणजे पुन्हा काम द्यायला हरकत नाही. मग छातीला पुढच्या सोमवारपर्यंत ताटकळत का ठेवायचं? प्रामाणिकपणे सांगायचं तर संशोधन असंही म्हणतं, की आठवड्याचं एकूण काम सारखं असेल तर ते किती दिवसांत वाटलं याने स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही. पण त्याच स्क्वॉटचा सराव आठवड्यातून तीनदा झाला तर तो शिकणं सोपं जातं, आणि नवशिक्याचा अर्धा व्यायाम म्हणजे शिकणंच असतं. पहिले काही आठवडे जाणत्या माणसाला समोर उभं करून फॉर्म तपासून घ्या. पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टर.

एक अडचण मात्र कुणी सांगत नाही. आमच्या जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची. बारच्या दोन्ही बाजूंना लावली की झाले पाच किलो! ओव्हरहेड प्रेसमध्ये काडी माणसाला पाच किलोची उडी म्हणजे डोंगर. शेवटी सव्वा किलोच्या दोन प्लेट्स विकत घेतल्या आणि लॅपटॉपच्या बॅगेत ठेवायला लागलो. ऑफिसच्या स्कॅनरवर रोज त्याच प्रश्नाला तेच उत्तर.

रिकाम्या वीस किलोच्या बारने स्क्वॉट सुरू केला. सोळा वेळा अडीच किलो वाढवले आणि साठवर पोचलो, सहा आठवडेसुद्धा लागले नाहीत. आणि तिथे गाडी अडकली. तीनदा प्रयत्न, तीनदा फेल. रुटीन बदलायचं म्हणून फाईल पुन्हा उघडली... आणि सहज वजनकाट्यावर उभा राहिलो. ५३.४.

बग रुटीनमध्ये नव्हता, ताटात होता. 'मी भरपूर खातो, अंगालाच लागत नाही' हे वाक्य मी वर्षानुवर्षं म्हणत आलो होतो. चार दिवस सगळं लिहून काढलं तेव्हा कळलं, की भरपूर खातो ते रविवारी. एरवी सकाळी चहा-बिस्किट आणि दुपारी मीटिंगच्या फटीत दोन पोळ्या. २०१८ मध्ये ४९ अभ्यास एकत्र करून निघालेला प्रोटीनचा आकडा आहे दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे मला ८५ च्या आसपास. घरच्या वाटीभर पातळ वरणात असतं जेमतेम पाच-सहा ग्रॅम! मग अर्धा लिटर दूध, चार अंडी, मूठभर शेंगदाणे आणि रात्री एक पोळी जास्त. महागडा डबा आणला नाही. महिन्याभरात वजन ५५ झालं आणि साठची भिंत कधी ओलांडली ते डायरीत बघावं लागतं.

आईचं म्हणणं वेगळंच. "तू आधीच एवढासा, तुला कशाला हवी जिम? जाड्या लोकांनी जावं." बऱ्याच घरांत हेच ऐकू येतं. पण २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापून आला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपण बारीक दिसतो ते पुष्कळदा स्नायू कमी म्हणून, चरबी कमी म्हणून नव्हे. माझ्या बाबांना चाळिशीत मधुमेह निघाला तेव्हा त्यांचं वजन ६० होतं. सगळे म्हणाले, 'यांना कसा काय?' आईला तो फोटो दाखवला. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून डब्यात दोन उकडलेली अंडी यायला लागली. ही तीच आई, जिच्या ओट्यावर अंडं ठेवायची सोय नव्हती!

असो. पोराची फाईल मी बंद केली. कागदावर दोन दिवसांचे सहा व्यायाम लिहून दिले आणि त्याखाली 'तारीख' आणि 'वजन' असे दोन कॉलम आखले. अकरा ओळींतली कुठली निवडली, हे त्याने विचारलंही नाही.

सोमवारी रात्री त्याचा मेसेज आला. "स्क्वॉट २० किलो, ५ चे ३. फारच हलकं होतं. अजून दहा टाकू का?"

"बुधवारी," मी लिहिलं. "साडेबावीस."