रस्ता कुणाच्या बापाचा?

काशीमिरा नाक्यावरून निघा आणि गोल्डन नेस्टवरून भाईंदर स्टेशनपर्यंत चालत या. खांब दिसणार नाहीत, खांबांना लटकलेली थोबाडं दिसतील. कुणाचा वाढदिवस, कुणाची नेमणूक, कुणी माजी, कुणी ‘भावी’. खाली शुभेच्छुकांची जत्रा. फुटपाथवर बांबू रोवलेले, आणि म्हातारी बाई नातवाचा हात धरून गाड्यांतून वाट काढतेय. ह्याला म्हणायचं विकास!

मिठागरांचा हा मुलूख. 1985 साली इथं नगरपरिषद झाली, 28 फेब्रुवारी 2002 ला महानगरपालिका. पालिकेबरोबर कायदाही आला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं 244 आणि 245 सांगतात: आयुक्तांच्या परवानगीशिवाय आकाशचिन्ह नाही, जाहिरात नाही. 1995 चा मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा कायदा आहे. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टानं 31 जानेवारी 2017 ला बेकायदा फलक हटवायचे सक्त आदेश दिले. तरीही नोव्हेंबर 2024 मध्ये त्याच कोर्टाला राजकीय पक्षांना विचारावं लागलं, की तुमच्यावर अवमानाची कारवाई का करू नये? म्हणजे दोस्तांनो, कायद्याचा दुष्काळ नाही. तो कुणाच्या अंगावर जातो आणि कुणापुढं शेपूट हलवतो, एवढाच सवाल आहे.

दोन हजार! ज्याची कमान रस्ता अडवून उभी असते त्याच्या एका रात्रीच्या हारतुऱ्यांचा खर्च ह्याहून जास्त. आणि ज्याची पाटी पुठ्ठ्याची, ‘पंक्चर काढून मिळेल’, ती गाडीत फेकली की त्याचा दिवस बुडाला. कलम एकच, पण ओझं एक नाही.

13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं. 17 माणसं मेली. मर्यादा 40 बाय 40 फुटांची, उभं होतं 120 बाय 120. ते सुतळीनं बांधलेलं फ्लेक्स नव्हतं, लोखंडाचं धूड होतं. पण रोग तोच. नियम फाईलीत झोपलेला, फलक रस्त्यावर उभा. गोदीत डोक्यावरून माल जाणार असला की आधी साखळी बघतात, खालची माणसं बाजूला करतात. रस्त्यावरच्या माणसानं कुठली साखळी बघायची?

रस्त्यावरची पाटी ही आपल्याला नवी गोष्ट नाही. त्रावणकोरात वायकोमला देवळाभोवतीच्या सार्वजनिक रस्त्यांवर पाट्याच होत्या: अवर्णांनी पुढं यायचं नाही. 30 मार्च 1924 पासून सत्याग्रही त्या पाट्यांपर्यंत चालत गेले आणि तुरुंगात गेले. 1925 मध्ये तीन बाजूंचे रस्ते खुले झाले, चौथ्यासाठी 1936 उजाडलं. महाडच्या नगरपालिकेनं 1924 मध्येच चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. पाणी मात्र 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळीत घेतलं तेव्हा मिळालं. आणि त्याच साली ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं तो ठराव मागं घेतला! कागदावरचा नियम कुणाच्या जोरावर उभा असतो, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून ‘सगळे फलक फाडा’ असं आम्ही म्हणणार नाही. नांदेडच्या बोंढार हवेलीत 2023 मध्ये गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून आपल्या तरुणाचा खून झाल्याची फिर्याद आहे. जिथं जयंती काढणं म्हणजे जिवाशी गाठ, तिथं आपला निळा फलक ही नुसती जाहिरात नसते. ज्याच्याकडं पेपर नाही, चॅनल नाही, त्याला सभेची, मोर्चाची, स्कॉलरशिपच्या फॉर्मची खबर द्यायला नाकाच लागतो.

पण आता आपल्या घरातही बघू. 14 एप्रिलचं फ्लेक्स. बाबासाहेब वरच्या कोपऱ्यात टपाल तिकिटाएवढे, खाली गॉगल लावलेली पस्तीस पोरं, आणि मधोमध ज्यानं पैसे दिले तो पुढारी. अरे, ही चळवळ की फोटो स्टुडिओ? ज्याच्या पैशावर आपला फलक चढतो, त्याचं बेकायदा फलक उतरवा असं आपण कुठल्या तोंडानं म्हणणार? जयंती झाल्यावर तेच फ्लेक्स गटारात लोळतं, त्यावर बाबासाहेबांचा चेहरा असतो. हा अपमान कुठला सवर्ण करत नाही.

आमचं म्हणणं साधं आहे. प्रत्येक फलकावर परवानगीचा क्रमांक आणि उतरवायची तारीख छापा. नसेल तर उतरवा, पक्ष बघू नका. गुन्हा रात्री रोजावर खांबावर चढणाऱ्या पोरावर नको, ज्याचं थोबाड वर आहे त्याच्यावर नोंदवा. आणि प्रत्येक वॉर्डात फुकटचा सार्वजनिक फळा द्या, ज्यावर खडूनं लिहिता येईल.

पालिका आपणहून देणार नाही. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज घ्या. आपल्या वॉर्डात वर्षभरात किती परवानग्या दिल्या, किती फलक उतरवले, किती गुन्हे नोंदवले, कुणावर? उत्तर आलं की ते नाक्यावर वाचून दाखवा. पण त्याआधी आपलं मुदत संपलेलं फ्लेक्स आपल्या हातानं उतरवून या.

जय भीम!