डुकरांना आचारसंहिता कळत नाही

हळवं भात कापून झालं, गरवं अजून दुधात आहे. म्हणजे डुकरांचे खास दिवस. आणि आपल्या ग्रुपवर चार दिवस वाद कशावर, तर अमेरिकेसारखा बंदुकीचा हक्क आपल्याला हवा की नको! एक बाजू म्हणते, शेतकऱ्याकडे बघा, प्रत्येकाला पिस्तूल द्या. दुसरी म्हणते, सगळ्या बंदुका जमा करा. दोघांनीही आमच्या नावावर बोलू नये.

अमेरिकेत १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्राचा हक्क दिला, २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी तो प्रत्येकाचा मानला. आपल्याकडे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून, असा हक्क होता. घटनेत तो आला नाही. बरंच झालं. बांधाच्या भांडणात दांडे आणि कोयते निघतात तेच पुरे. दोन्ही भावांकडे पिस्तूल असतं तर तलाठ्याची वारसनोंदी लावता लावता पुरेवाट झाली असती.

पण आमची ठासणीची बंदूक म्हणजे पिस्तूल नव्हे, आणि हे मी म्हणत नाही, कायदाच म्हणतो. शस्त्र अधिनियम १९५९, कलम १३. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक खरोखर लागत असेल आणि नाकारण्यासारखं दुसरं काही नसेल, तर परवाना द्यावा असं तिथे आहे. पिस्तूल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण दाखवावं लागतं. एक बार काढला की पुन्हा दारू, छरे घालून गजाने ठासत बसायचं. असलं हत्यार घेऊन कोण मतदान केंद्र लुटणार?

तरी निवडणूक लागली की शेतीसंरक्षणाची बंदूक ठाण्यात जमा. आता तारखा बघा. विधानसभेचं मतदान २००९ ला १३ ऑक्टोबर, २०१४ ला १५ ऑक्टोबर, २०१९ ला २१ ऑक्टोबर. कोकणात भात उभं असतं ते हेच दिवस. २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली ती काजूचा हंगाम घेऊन गेली, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची लागली ती गरव्या भातावर आली. आमच्या वाडीतले एक आजोबा म्हणाले, "डुकरांका आचारसंहिता कळता काय?" याला उत्तर कोणाकडे आहे?

निवडणूक आयोगाने तरी सरसकट जमा करा कुठे म्हटलंय? जामिनावर सुटलेले, गुन्ह्याचा इतिहास असलेले, पूर्वी दंगलीत सापडलेले, अशांचे परवाने तपासा, असा सूचनेचा रोख आहे. त्यासाठी जिल्ह्यात छाननी समिती असते. एकेक नाव तपासायचं काम कागदावर आहे, पण सगळ्यांना एकच नोटीस काढणं सोपं.

काही जण याच परवान्यावर शिकारीला जातात, हे खरं आहे. अंधारात डुक्कर समजून माणसावर गोळी गेल्याच्या बातम्या आपणच वाचतो. अशाचा परवाना कायमचा रद्द करा, मी सही देतो. आणि परवाना आहे म्हणजे डुक्कर मारायची मोकळीक आहे असंही नाही, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आमच्या बंदुकीचं निम्म्याहून जास्त काम आवाजाचंच. बिबट्याचं म्हणाल, तर जीव वाचवताना प्रामाणिकपणे मारला गेला तर वन्यजीव कायदा गुन्हा मानत नाही. पण तो मागून येतो. बंदूक खांद्याला लावेपर्यंत थांबत नाही.

बंदूक गेली की मग काय होतं ते बोला ना. फासकी लागतात, कुंपणात करंट सोडतात. फासकीत डुकराऐवजी बिबट्या अडकतो, करंटला पहाटे पाणी बघायला गेलेला शेजारी चिकटतो. हे सगळं परवान्याशिवाय, नोंदीशिवाय. ज्या बंदुकीचा नंबर ठाण्यात लिहिलेला आहे ती सरकारला धोक्याची वाटते, आणि रात्री तारेत सोडलेली वीज कोणी मोजत नाही.

परवानावाल्यांनी एवढं करा. पुढची निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. सातबारा, पीक पाहणीची नोंद, परवान्याची प्रत आणि कापणीचा अंदाजे दिवस लिहून छाननी समितीच्या नावे अर्ज आत्ताच टाका. एकेकट्याने नको, वाडीचा मिळून. आणि पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.