तलवार, देऊळ आणि घर

गेल्या सत्रातल्या आंतर-हाउस वादविवाद स्पर्धेचा विषय होता : 'धर्म तलवारीने वाढतात आणि तलवारीनेच संपतात.' मी अनुकूल बाजूने बोललो. सैनिकी शाळेत या बाजूने बोलणे सोपे असते. साम्राज्यांची नावे आणि चार लढायांची सनावळी सांगितली की सभागृह टाळ्या वाजवते. आमच्या हाउसला ढाल मिळाली. बक्षीस समारंभानंतर इतिहासाच्या सरांनी मला थांबवून एकच प्रश्न विचारला, "तलवार धरणाऱ्यांचा स्वतःचा असा एखादा धर्म होता का? आणि त्याचे काय झाले?" मला उत्तर आले नाही. मग काही रविवार ग्रंथालयात गेले आणि माझे मत बदलले. ढाल परत मागू नये ही विनंती.

सरांच्या प्रश्नाचे उत्तर आहे मिथ्रास. हे नाव मूळचे इराणी, आपल्या वेदांतल्या मित्र देवतेच्या नात्यातले. गंमत म्हणजे इराण हा रोमचा कट्टर शत्रू. तरीही इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून रोमन सैनिक आणि अधिकारी या नावाच्या देवाची गुप्त उपासना करू लागले. एका छावणीतून दुसऱ्या छावणीत बदली झाली की देवही सोबत जाई. त्यामुळे सीरियाच्या वाळवंटापासून इंग्लंडच्या उत्तर सरहद्दीपर्यंत, आणि ऱ्हाइन व डॅन्यूब नद्यांच्या काठच्या ठाण्यांत त्याची मंदिरे सापडतात. इंग्लंडमध्ये हेड्रियनच्या भिंतीलगत कॅरॉबर्ग येथे 1949 साली असे एक मंदिर उजेडात आले. आत दोन्ही बाजूंना बाक, मधून अरुंद वाट, समोर तीन वेद्या. त्या तिन्ही तिथल्या पलटणीच्या कमांडरांनी उभारलेल्या. खोली आपल्या वर्गापेक्षा फार मोठी नसेल.

कॅडेटला हा धर्म आवडावा असाच आहे. त्यात सात पायऱ्या होत्या आणि प्रत्येक पायरीला दीक्षा. तिसऱ्या पायरीचे नावच 'सैनिक'. या पायरीला उमेदवारापुढे तलवारीवर एक मुकुट धरत. तो त्याने नाकारायचा आणि 'माझा मुकुट मिथ्रास' असे म्हणायचे. हे आपल्याला टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकाकडून कळते. त्याने ते आपल्याच धर्माच्या सैनिकांना उदाहरण म्हणून सांगितले आहे, म्हणजे विरोधकालाही या शिस्तीचे कौतुक होते. राजाश्रयही मिळाला. 308 साली डॅन्यूबकाठच्या कार्नुंटम येथे सम्राटांनी मिथ्रासच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि त्याला आपल्या साम्राज्याचा पाठीराखा म्हटले.

शिस्त, शौर्य, जगातले सर्वांत बलाढ्य सैन्य आणि वर सम्राट. माझ्या भाषणाच्या हिशेबाने हा धर्म आज जगभर असायला हवा होता. प्रत्यक्षात तो पुढच्या शंभरेक वर्षांत संपला. आज त्याचा एकही अनुयायी नाही.

तलवारीनेच संपला, असे मी स्पर्धेत म्हणालो असतो. सम्राट थिओडोसियसने 391-392 मध्ये जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली हे खरे आहे. काही मंदिरे फोडली गेली, पण काही नुसतीच ओस पडली. आणि बंदी तर ख्रिस्ती लोकांवरही आली होती. 303 सालापासून डायोक्लिशनने त्यांची प्रार्थनास्थळे पाडली आणि त्यांचे ग्रंथ जाळले. ते टिकले आणि मिथ्रासचे सैनिक टिकले नाहीत. असे का?

माझ्या मते उत्तर त्या दोन बाकांवर आहे. तिथे फक्त पुरुष बसत. मिथ्रासच्या भक्तांची नावे शेकडो शिलालेखांत कोरलेली आहेत, पण त्यांत स्त्रिया जवळजवळ नाहीतच. म्हणजे त्या मंदिरात आई, बहीण, आजी आली नाही. घरी मुलाला झोपवताना मिथ्रासची गोष्ट कोण सांगणार? सैनिक निवृत्त झाला, वारला, की त्याच्या पायऱ्याही त्याच्याबरोबर गेल्या.

हॉस्टेलमध्ये राहणाऱ्याला हे लवकर समजते. मागच्या गणेशोत्सवात आम्ही सात मराठी मुलांनी हाउसमध्ये गणपती बसवला. मखर झकास झाले, कारण त्यात शिस्त आणि कष्ट लागतात आणि ते आम्हाला येतात. पण आरतीच्या तिसऱ्या कडव्याला सातही जण अडलो. प्रत्येकाला ती आई-आजीच्या मागून म्हणायची सवय होती. मागे कोणी नव्हते. शेवटी केरळच्या एका मित्राने विचारले, "एवढीच असते का?"

ख्रिस्ती धर्म त्या काळात घरांत भरत होता. विधवा, गुलाम, लहान मुले सगळी त्यात होती. याची साक्ष पुन्हा विरोधकानेच दिली आहे. 361 साली गादीवर आलेला सम्राट ज्युलियन हा उत्तम सेनानी होता. त्याला जुने देव परत आणायचे होते. त्याने आपल्या पुजाऱ्याला पत्रात तक्रार केली की हे लोक त्यांच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात. मग त्याने हुकूम काढले, पैसा दिला, देवळे उघडली. 363 मध्ये तो इराणशी लढताना मारला गेला आणि त्याचा प्रयत्न तिथेच थांबला.

तलवार काहीच करत नाही, असे मी म्हणत नाही. ती देऊळ पाडते, ग्रंथ जाळते, माणसे मारते, आणि कधीकधी अख्खी परंपरा नाहीशी करते. पण घरात शिरून ती पूर्ण विजय मिळवते का, हे पाहायचे तर जपान पाहावे. 1614 मध्ये तिथल्या शोगुनच्या राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. पाद्री हाकलले किंवा मारले. नागासाकीत लोकांना दरवर्षी येशू-मेरीच्या चित्रावर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नाही हे सिद्ध करावे लागे. बंदोबस्त इतका चोख की सगळ्यांना वाटले हा धर्म इथून संपला. मग 1865 च्या मार्च महिन्यात नागासाकीत परदेशी लोकांसाठी बांधलेल्या नव्या ओउरा चर्चमध्ये जवळच्या उराकामी गावची काही माणसे आली. त्यांच्यातल्या एका बाईने पाद्री पतिजाँ यांना हळूच सांगितले की आमचे आणि तुमचे मन एकच आहे, आणि मेरीची मूर्ती कुठे आहे असे विचारले. तब्बल अडीचशे वर्षे! एकही पाद्री नाही, एकही चर्च नाही. गावातला एक जण सणांचे दिवस मोजून ठेवी, एक जण बाळांना बाप्तिस्मा देई. अर्थ न कळणाऱ्या लॅटिन-पोर्तुगीज प्रार्थना बाप मुलाला पाठ करून देई. मेरी म्हणून पुढ्यात कधी बौद्धांच्या कॅनन देवीची मूर्ती असे. ज्या सैन्याचे मी भाषणात गोडवे गायले असते, त्याला हे अडीचशे वर्षे दिसले नाही.

आपल्या देशातले उदाहरण याच्या उलट आहे. बौद्ध धर्म भारतातून नालंदा जाळल्यामुळे गेला असे आपण पटकन म्हणतो. मीही म्हणालो होतो. पण ह्युएन त्संग सातव्या शतकात इथे आला तेव्हाच त्याने कितीतरी विहार ओस पडलेले पाहिले आणि तसे लिहून ठेवले. नालंदावरचा हल्ला त्यानंतर साडेपाचशे वर्षांनी झाला. विहार राजांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानावर उभे होते. दान आटले की भिक्षूंचा आधार गेला. याचे एक कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नेमके सांगितले आहे : संघात येणाऱ्या भिक्षूला दीक्षा होती, पण घरात राहणाऱ्या उपासकाला धम्माची वेगळी दीक्षा नव्हती. ही उणीव त्यांना ऱ्हासाच्या कारणांपैकी एक वाटली. म्हणून 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी दीक्षा दिली ती संसारी माणसांना, बायका-मुलांसह आलेल्या लाखो लोकांना. बावीस प्रतिज्ञा त्यांच्यासाठीच. त्या दिवशी ना तलवार होती ना राजा.

माझ्या मताला एक अडचण आहे आणि ती लपवणे बरोबर नाही. पारशी लोकांचे राज्य 651 मध्ये शेवटचा सासानी राजा यझ्दगर्द मारला गेला तेव्हा बुडाले. तरी हजार वर्षांहून जास्त काळ त्यांनी आपला अग्नी जपला. उदवाड्याला तो आजही तेवतो आहे. फील्ड मार्शल माणेकशा याच समाजातले. इथवर सगळे माझ्या बाजूचे आहे. पण 2011 च्या जनगणनेत भारतात पारशी फक्त 57,264 उरले होते आणि त्याआधीच्या जनगणनेपेक्षा ते बरेच कमी होते. इथे कोणी हल्ला केला नाही. लग्ने उशिरा होतात किंवा होत नाहीत, मुले कमी होतात. म्हणजे घरानेच टिकवले आणि आता घरातच कमी होत आहे. याला काय उत्तर द्यायचे ते मला अजून सुचलेले नाही.

हाच विषय पुन्हा आला तर प्रतिकूल बाजूने माझे नाव लिही, असे मी हाउस कॅप्टनला सांगून ठेवले आहे. तो म्हणाला, "मग ढाल गेली."