विश्लेषण : मैदानाची ओढ गर्भातच ठरते का?

‘पोरगा मैदानावर जातच नाही’ ही तक्रार नेहमीची. दोष मोबाइलवर जातो. पण शरीराची घडण जन्माआधीच सुरू होते.

संशोधन काय सांगते?
पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून सहा गावांतील गर्भवतींचा अभ्यास केला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे बारीक. पण त्यांच्यात स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी अधिक. जन्मतः वजन कमी असल्यास मोठेपणी हाताच्या पकडीची ताकदही कमी आढळते. दीड किलोहून कमी वजनाने जन्मलेले लोक तरुणपणी व्यायाम कमी करतात, असे फिनलंडमधील अभ्यासात दिसले. अर्थात हा कल आहे, विधिलिखित नव्हे. खेळाची सवय नंतरही लावता येते.

उपाय कुठून सुरू व्हावा?
पुण्याच्याच अभ्यासात पालेभाज्या, फळे, दूध घेणाऱ्या मातांची बाळे वजनदार होती. अतिकष्ट करणाऱ्यांची लहान. वर्धा जिल्ह्यात देवळी, हिंगणघाटकडे कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. गर्भवती थांबली की मजुरीही थांबते. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणाऱ्या ५ हजार रुपयांत शेवटच्या तीन महिन्यांची विश्रांती कशी परवडणार? मुलांना आळशी म्हणण्याआधी आईच्या डोक्यावरचे ओझे उतरवायला हवे.