मृगाच्या आत बॅकअप घ्या

मृग तोंडावर आलाय. वाई-कराडपासून सांगलीवाडीपर्यंत कृष्णाकाठी कौलं चाळली जातायत, धान्य माळ्यावर चढतंय. तुमच्याही घरात ही लगबग सुरू असेल. त्यातला एक तास कॉम्प्युटरसाठी काढा. पोरांचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, दुकानाची टॅली, आजीचा आवाज, सगळं त्या एका डब्यात आहे आणि बहुतेक घरांत त्याची दुसरी प्रत नाही.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर जपून ठेवलेली घरं होती. त्या खुणेच्या वर सामान ठेवून माणसं निर्धास्त झाली होती. पाणी त्या खुणेच्याही वर चढलं. दुकानांत सीपीयू टेबलाखाली, फरशीला टेकून असतात. पहिल्या दोन फुटांतच ते बुडतात. सांगली नगर वाचनालयासारख्या जुन्या संस्थेतली हजारो पुस्तकं भिजून गेली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर खचला आणि माणसं गेली. त्या दुःखापुढे फायली काहीच नाहीत. पण माणूस गेल्यावर मागच्यांना त्याचा फोटो हवा असतो. विम्याला, पंचनाम्याला, बँकेला कागद हवा असतो. तो हाताशी राहील एवढं तरी आपल्या हातात आहे.

तुम्ही म्हणाल, बॅकअप जागा फार खातो. खरं आहे. सी ड्राइव्ह लाल झाला की आपण पहिला घाव बॅकअपवरच घालतो. घाव घालण्याआधी एवढं बघा, की ती जागा नेमकं कोण खातंय. विंडोजमधलं सिस्टीम रिस्टोर त्याच डिस्कचा थोडा भाग धरून ठेवतं. विंडोज बिघडली तर ती मागच्या स्थितीत न्यायला ते उपयोगी पडतं. तुमचे फोटो ते सांभाळत नाही. तिथली मर्यादा खुशाल कमी करा. फाईल हिस्ट्री मात्र तुमच्या फायली जपते, आणि तीही बाहेरच्या डिस्कवर. सी ड्राइव्हवर तिचा भार जवळजवळ पडत नाही. तिला हात लावू नका. बंद असेल तर आज सुरू करा.

जागेचा हिशोब स्वतः मांडून बघा. एक फोटो चार एमबीचा धरा. एक टीबीच्या डिस्कवर अडीच लाख फोटो मावतात. पहिल्यांदा सगळं उतरायला रात्र लागेल, लागू द्या. त्यानंतर बदललेल्या फायलीच उतरतात. फाईल हिस्ट्री जुन्या प्रती कायमच्या ठेवते, म्हणून डिस्क भरत जाते. सेटिंगमध्ये जाऊन ‘जागा लागेल तोपर्यंत ठेव’ असं करा. मॅक असेल तर टाइम मशीन भरलेल्या डिस्कवरच्या सर्वांत जुन्या प्रती आपणच काढून टाकतं. डिस्क तेवढी मॅकच्या दुप्पट साठ्याची घ्या. ही जागा वाया जात नाही. मी तर म्हणेन, घरातली सर्वांत सत्कारणी लागलेली जागा तीच.

व्यापाऱ्यांनो, तुम्ही इथे नीट लक्ष द्या. टॅलीचा डेटा बऱ्याच मशीनवर डी ड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतो. फाईल हिस्ट्री आपण होऊन तिकडे फिरकत नाही. वर्षभर बॅकअप चालू आहे असं वाटतं आणि गरजेच्या दिवशी त्यात खातीच सापडत नाहीत. आज ते फोल्डर शोधा. टॅलीतूनच बॅकअप घ्या आणि त्याच बाहेरच्या डिस्कवर टाका.

आणि डिस्क सतत जोडून ठेवू नका. वळवाची वीज कडाडली, दाब उसळला, तर मशीनसोबत तीही जळते. खंडणीखोर व्हायरस शिरला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही तो कुलूपबंद करतो. काम झालं की काढा. आठवड्याला पुन्हा जोडा.

काढून ठेवायची कुठे? कॉम्प्युटरशेजारच्या कपाटात नको. हरिपूरची पेवं आठवा. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली हळद सुखरूप राहिली, आणि २००५ च्या पुरात त्याच पेवांत पाणी शिरलं. नदीकाठचा सगळा साठा नदीकाठीच ठेवला की असं होतं. म्हणून दुसऱ्या डिस्कवरची एक प्रत गावाबाहेर जाऊ द्या. सांगलीकरांनो, विट्याच्या बहिणीकडे द्या. कराडकरांनो, खटाव-माणमधल्या पाहुण्यांकडे द्या. तिकडे पाण्याची वाट बघतात, कृष्णेचा पूर तिकडे चढत नाही. नेटवर ठेवता येत असेल तर निदान जमिनीचे, शाळेचे, दवाखान्याचे कागद तरी ठेवा. गुगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात, वनड्राइव्हवर ५. कागदांना तेवढे पुरतात. फक्त एक ध्यानात असू द्या, जोडलेल्या फोल्डरमधून फाईल पुसली की नेटवरूनही ती जाते. म्हणून डिस्क हवीच.

शेजारी एकट्या राहणाऱ्या काकू असतील, ज्यांचा मुलगा पुण्यात नाही तर परदेशात आहे, त्यांचाही लॅपटॉप बघून या. त्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. तुम्ही जाल, याची मला खात्री आहे.

कोयना धरण भरायला लागलं, दरवाजे उचलल्याची बातमी आली, की हातात फक्त काही तास असतात. तेव्हा म्हातारी माणसं, लेकरं, गुरं आधी हलवायची असतात. त्या वेळी डिस्क कुणी शोधणार नाही आणि शोधूही नये. म्हणून आज करा. संध्याकाळी डिस्क जोडा. सकाळी त्यातला एक फोटो आणि एक बिल परत उघडून बघा. उघडलं की गावाबाहेर जायची डिस्क पिशवीत घाला, वर नाव लिहा आणि रविवारी विट्याच्या एसटीत बसा.