वाचून दाखवणारा



दिवाळीनंतर पाटसला जाणे झाले. पुणे–सोलापूर महामार्गावरचे हे गाव आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कोणाला भीमा साखर कारखान्यामुळे, कोणाला तुकोबारायांच्या पालखीच्या वाटेमुळे, तर कोणाला सोयरिकीमुळे. माझ्या चुलतभावाचे तेथे किराणा व भुसार मालाचे दुकान आहे. त्याचा नातू नववीत शिकतो. डोळ्यांच्या पडद्याच्या आजाराने त्याची दृष्टी पाचवीपासून हळूहळू कमी होत गेली. आज त्याला उजेड आणि माणसाची आकृती कळते. अक्षर कळत नाही.

जेवणे आटोपल्यावर भाऊ मला ओट्यावर घेऊन गेला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही बँकेत चार माणसे पाहिली आहेत, म्हणून विचारतो. दहावी झाली की याची शाळा बंद करावी म्हणतो. तिथे नुसता बसून येतो. गादीवर बसवावा, तर नोट ओळखता येत नाही. याचे पुढे कसे?"

प्रश्न एका आजोबांचा होता, पण तो आपल्या अनेक घरांतला आहे. काही घरांत तर तो विचारलाही जात नाही. भावंडांची लग्ने व्हायची आहेत, म्हणून असे मूल पाहुण्यांसमोर आणले जात नाही, प्रमाणपत्र काढले जात नाही आणि ते शाळेतून केव्हा बाहेर पडले हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून या वेळी ठेवी आणि व्याजदर बाजूला ठेवून याच विषयावर लिहीत आहे.

"नुसता बसून येतो" हे वाक्य मला खटकले. मी संध्याकाळी त्या मुलाजवळ बसलो. त्याच्या हातात साधा अँड्रॉइड मोबाईल होता. पडद्यावर बोट फिरेल तेथील मजकूर मोठ्याने वाचणारी 'टॉकबॅक' ही सोय त्याने चालू केली होती. ती मोबाईलमध्येच असते, वेगळे पैसे पडत नाहीत. त्याने मला इतिहासाचा एक उतारा ऐकवला. आवाज इतक्या वेगाने धावत होता की मला चार शब्दसुद्धा पकडता येईनात. तो मात्र निवांत ऐकत होता. "सवयीने होते, मोठे आजोबा," तो म्हणाला.

मग त्याने मला शाळेतून व्हॉट्सॲपवर आलेल्या टिपणांचे तीन नमुने दाखवले. पहिला, वहीच्या पानाचा फोटो. मोबाईल म्हणाला, "चित्र", आणि थांबला. दुसरी, टाइप केलेल्या मजकुराची फाईल. ती उघडताच मोबाईल असंबद्ध इंग्रजी अक्षरे बडबडू लागला. तिसऱ्या फाईलमधला मजकूर त्याने स्वच्छ मराठीत, स्वल्पविरामासह वाचून दाखवला. पहिल्या दोन पाठवणाऱ्या शिक्षकांच्या मनात आकस नव्हता. त्यांनी कष्ट घेऊनच टिपणे काढली होती. मग फरक कशाचा?

तो समजून घेण्याजोगा आहे. संगणकाला 'क' हे अक्षर आकाराने कळत नाही, क्रमांकाने कळते. युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिलेला आहे. आपल्याकडे छपाईसाठी वर्षानुवर्षे जे जुने फॉन्ट वापरले गेले, त्यांत क्रमांक इंग्रजी अक्षराचा राहिला आणि वर आकार तेवढा मराठी चढवला गेला. डोळ्यांना मराठी दिसते, पण आत नोंद इंग्रजीची असते. किर्दीत एक रक्कम आणि खातेवहीत दुसरी, असा हा प्रकार. वाचणारे यंत्र बिचारे जी नोंद आहे तीच वाचते. परीक्षा सोपी आहे: फाईलमधली एक ओळ उचलून मोबाईलच्या संदेशात चिकटवा. मराठी उमटले तर ती फाईल दृष्टिहीन मूल ऐकू शकेल. अगम्य अक्षरे आली, तर नाही. छापील पानाच्या फोटोतला मजकूर ओळखणारी साधने आज मराठीतही आहेत, परंतु हस्ताक्षरापुढे ती अडखळतात.

म्हणजे तो मुलगा नुसता बसून येत नव्हता. त्याच्यापर्यंत तीनपैकी एकच टिपण पोहोचत होते.

येथे पंडित सुखलालजी संघवी यांची आठवण होते. १८८० साली सौराष्ट्रात, व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म झाला. सोळाव्या वर्षी देवीच्या आजारात दोन्ही डोळे गेले. त्या काळी अशा मुलाने घरी बसणे हेच सर्वांना स्वाभाविक वाटले असते. ते काशीला गेले, ऐकून ऐकून संस्कृत, प्राकृत आणि दर्शनशास्त्र शिकले, पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शनाचे प्राध्यापक झाले. 'सन्मतितर्क' या कठीण ग्रंथाच्या संपादनात त्यांचा वाटा आहे. १९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ साली पद्मभूषण त्यांना मिळाले. आपण त्यांच्या स्मरणशक्तीचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या प्रत्येक ग्रंथामागे कोणीतरी वाचून दाखवणारा आणि कोणीतरी लिहून घेणारा होता, हे विसरून चालणार नाही. बुद्धी त्यांची होती. पान तिच्यापर्यंत पोहोचवणारे दुसरे होते.

आजचे यंत्र ते पोहोचवण्याचे काम करते. मोबाईलचे सांगितलेच. संगणकासाठी 'एनव्हीडीए' ही पडदावाचक प्रणाली आहे. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली तिची सुरुवात केली. अशा प्रणालींची भरमसाट किंमत परवडत नाही, म्हणून त्यांनी ती विनामूल्य ठेवली. ती मराठीही वाचते. पुस्तकांसाठी २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. आणि एखाद्या शिक्षकाने दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी पुस्तक स्कॅन करून दिले, तर स्वामित्वहक्काचा भंग होईल का, ही शंकाही नको. नफ्याचा हेतू नसेल तर २०१२ च्या कायदादुरुस्तीने त्याला मुभा दिली आहे. याच विषयावरचा माराकेश करार २०१४ साली मंजूर करणारा आपला देश जगात पहिला ठरला.

दृष्टीखेरीज इतर अडचणींचेही असेच आहे. ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी, बोललेले शब्द लगेच पडद्यावर लिहून दाखवणारी 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' ही सोय २०१९ मध्ये आली; तिच्यात मराठी आहे. गोंगाटात ती चुकते. फळ्याकडे तोंड करून बोलणाऱ्या शिक्षकाचे शब्द तिलाही नीट मिळत नाहीत आणि ओठ वाचणाऱ्या मुलालाही नाहीत. हुशार असूनही ज्यांना वाचताना अक्षरे जुळत नाहीत, अशा अध्ययन-अक्षमतेच्या मुलांना मजकूर ऐकत ऐकत डोळ्यांनी त्याचा मागोवा घेता येतो. ज्यांचे लेखन विस्कटते, ती मुले तोंडी सांगून मराठीत टाइप करू शकतात. ही सोय २०१७ पासून मोबाईलमध्ये आहे. ज्यांच्या हातांवर पूर्ण ताबा नाही, त्यांच्यासाठी दोन कळा एकदम दाबण्याऐवजी एकामागून एक दाबण्याची व्यवस्था साध्या संगणकातही असते. मात्र यंत्र आले म्हणून ब्रेल किंवा सांकेतिक भाषा सोडू नये. कानाने ऐकून शुद्धलेखन येत नाही आणि ब्रेलशिवाय गणित फार अवघड जाते.

आता माझ्या खात्यावरची एक जुनी नोंद उघड करतो. २००८ पूर्वीची गोष्ट. मी एका शाखेत अधिकारी होतो. एक दृष्टिहीन शिक्षक चेकबुक मागायला आले. मी नम्रपणे नकार दिला. "तुमच्याच हितासाठी सांगतो, तुमची फसवणूक होईल," असे म्हणालो. ते शांतपणे उत्तरले, "साहेब, फसवणूक डोळस माणसांचीही होते. त्यांचे चेकबुक तुम्ही काढून घेत नाही." माझ्याजवळ उत्तर नव्हते, तरी चेकबुक मी दिले नाही. जून २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक आले: दृष्टिहीन ग्राहकांना चेकबुक, एटीएम, लॉकर, कर्ज यांपैकी कशालाही भेदभावाने नकार देऊ नये. ते परिपत्रक वाचताना मला ते शिक्षक आठवले. नियम नव्हता, असे मी स्वतःला सांगू शकलो असतो. पण मनाई करणारा नियम तरी मी कुठे शोधला होता? मीच काळजीच्या नावाखाली दार लावून घेतले होते. त्यांची क्षमा मागण्याची संधी मिळाली नाही. दर संवत्सरीला ते आठवतात.

भावाच्या "घरीच बसवावे म्हणतो" या शब्दांत मला माझाच तो जुना आवाज ऐकू आला. तोही काळजीपोटीच बोलत होता.

म्हणून त्याला कायद्याची बाजूही सांगितली. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते; यात एकवीस आहेत आणि अध्ययन-अक्षमताही त्यांत आहे. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेबाबत केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी लेखनिकाची सोय आणि तासाला किमान वीस मिनिटे जादा वेळ देण्यास सांगितले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या खटल्यात, चाळीस टक्क्यांची अट पूर्ण न करणाऱ्यालाही गरज असल्यास लेखनिक नाकारता येणार नाही, असे स्पष्ट केले. वाजवी सोय करून देणे म्हणजे उपकार नव्हे, असा त्या निकालाचा रोख आहे.

पण हक्क आपोआप खात्यात जमा होत नाही. त्यासाठी अर्ज लागतो. पालकांनी पुढील गोष्टी वेळेवर कराव्यात. दिव्यांग प्रमाणपत्र आणि 'यूडीआयडी' ओळखपत्र आधी काढावे. दहावीच्या सवलतींचा अर्ज नववीतच मुख्याध्यापकांशी बोलून ठरवावा. लेखनिकाबरोबर सराव करावा, कारण मोबाईलवर शिकलेल्या मुलाला परीक्षेत मोबाईल मिळणार नाही. तालुक्यातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटावे. आणि वर्गशिक्षकांना तक्रारीच्या सुरात नव्हे, तर नेमके काय हवे ते सांगावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शाळेत गेलो तेव्हा हेच केले. मागण्या तीन होत्या: टिपणे युनिकोडमध्ये पाठवावीत, फळ्यावर लिहिताना तोंडाने बोलावे, "हे यात मिळवले" असे न म्हणता "बारामध्ये सात मिळवले" असे म्हणावे, आणि मुलाला एका कानात इअरफोन लावून स्वतःचा मोबाईल वापरू द्यावा. गणिताच्या बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "बोलून लिहिले तर मागच्या बाकावरच्या सगळ्यांनाच समजेल." बाईंनी माझ्या अर्ध्या लेखाचे सार एका वाक्यात सांगितले. मोबाईलबद्दल मात्र मुख्याध्यापकांच्या मनात धास्ती आहे. इतर मुलेही मागतील, हे त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तूर्तास दोन विषयांच्या तासाला परवानगी मिळाली आहे.

आपला समाज शाळांना उदार हाताने देतो. अलीकडे डिजिटल फळा देण्याची प्रथा पडली आहे. त्यावर दात्याचे नावही शोभते. देणगीला माझा विरोध नाही. पण कर्ज मंजूर करताना आम्ही पैसे कशासाठी वापरले जाणार हे विचारत असू, तसे येथेही विचारावे. ज्याला फळाच दिसत नाही, त्याला मोठा आणि चकचकीत फळाही दिसत नाही. त्याच रकमेतील थोडा भाग शिक्षकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर, जुनी टिपणे पुन्हा टाइप करून घेण्यावर, एखाद्या मुलाच्या साध्या मोबाईलवर खर्च करावा. त्यावर नाव कोरता येणार नाही, एवढाच तोटा. आपल्या परंपरेत ज्ञानदानाला आहार आणि औषधाच्या बरोबरीचे स्थान आहे. पान पोहोचवणे हेही ज्ञानदानच.

निघताना मी मुलाच्या मोबाईलवर रिझर्व्ह बँकेचे 'मनी' हे ॲप घालून दिले. ते १ जानेवारी २०२० रोजी सुरू झाले. नोट कॅमेऱ्यासमोर धरली की ते मूल्य बोलून सांगते, इंटरनेटही लागत नाही. मुलाने गल्ल्यातल्या नोटा एकेक करून धरल्या. भाऊ शेजारी उभा राहून प्रत्येक नोट पडताळत होता. एक मळकी, घडी पडलेली नोट दोनदा धरावी लागली. "वेळ लागतो," भाऊ म्हणाला. मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलावे तसे, "पण अकरावीला दौंडला जायचे, तर एसटी सकाळी किती वाजता असते ते बघायला हवे."

मुलाने माझ्याजवळ एकच मागणी केली. "मोठे आजोबा, लेख छापून आला की त्याचा फोटो पाठवू नका. मजकूर पाठवा." मी तसा पाठवत आहे. संपादकांनाही विनंती की आपल्या मासिकाचा अंक वाचकांना मोबाईलवर धाडताना तो युनिकोडमध्ये असावा. आपल्या वाचकांमध्ये असे किती घरी बसलेले श्रोते आहेत, हे आपण अजून विचारलेलेच नाही.